आधी कागद, मग पाटी : कोकणात होमस्टे सुरू करणाऱ्यांसाठी परवानग्या आणि करांचा नीट क्रम

दापोली तालुक्यात आमच्या घराच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. त्यामुळे दर दिवाळीआधी गावातलं कोणी ना कोणी कागदांची पिशवी घेऊन ओटीवर येतं. पिशवीत बहुतेक सगळं असतं, गडबड असते ती क्रमाची. खोल्यांचे फोटो काढून झालेले असतात, अ‍ॅपवर घर चढलेलं असतं, डिसेंबरचं आगाऊ बुकिंगही आलेलं असतं. सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबांचं नाव असतं. मग सगळं उलट्या दिशेने जमवायचं आणि प्रत्येक कार्यालयातून "आधी ते आणा" ऐकून परत यायचं.

खाली दिलेला क्रम राहत्या घरातल्या एक ते पाच-सहा खोल्या देणाऱ्यांसाठी आहे. लॉज किंवा रिसॉर्ट बांधायचं असेल तर तो मार्ग वेगळा. सुरुवात पावसाळ्यात करा. तेव्हा पाहुणे कमी असतात, आणि गणपतीला मुंबईकर भाऊबंद घरी आले की सह्या एका बैठकीत होतात.

## १. घर कागदावर कोणाचं आहे ते पाहा

तीन उतारे काढा. पहिला सातबारा, डिजिटल सहीचा. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो १५ रुपयांत मिळतो. दुसरा ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. तिसरं चालू वीजबिल.

इथली नेहमीची चूक म्हणजे तलाठ्याकडचा ८अ घेऊन येणं. तो जमिनीच्या खात्याचा उतारा आहे, घराचा नव्हे. घराची नोंद, बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असतं. (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. अर्जावर नवी पदनामं लिहा. बोलताना जुनीच चालतात.)

तिन्ही कागद शेजारी ठेवून नावं अक्षरन् अक्षर जुळवा. सातबाऱ्यावर "गोविंद सखाराम", वीजबिलावर "जी. एस." आणि आधारवर भलतंच स्पेलिंग असेल तर हा गुंता आत्ताच सोडवा. वीजबिल वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर महावितरणकडे नाव बदलण्याचा अर्ज सगळ्यात आधी टाका. पुढच्या प्रत्येक टेबलावर ते बिल मागतात.

तपासा: घरात अलीकडे वाढवलेली पडवी, नवं न्हाणीघर किंवा वरची खोली नमुना ८ मध्ये चढली आहे का? जी खोली नोंदीत नाही, ती पाहुण्यांसाठी दाखवता येत नाही.

## २. सहहिस्सेदारांची संमती

कोकणात सगळ्यात जास्त वेळ या पायरीला लागतो. घर वापरतो एक जण, सातबाऱ्यावर नावं अकरा. त्यातले चार मुंबईत, एक बडोद्याला, एक अमेरिकेत आणि दोन वारलेले.

वारलेल्यांची वारसनोंद आधी करून घ्या. फेरफार मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं, त्याला इलाज नाही. त्यानंतर हयात असलेल्या सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मुद्रांकावर घेऊन नोटरी करा. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा मुद्रांक चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो.

संमतीपत्रात "आमची हरकत नाही" एवढंच लिहू नका. कोणत्या खोल्या, कोणाच्या नावाने, किती वर्षं, उत्पन्न कोणाचं आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे सगळं लिहा. उत्पन्नाचा मुद्दा टाळावासा वाटतो, कारण गणपतीत विषय काढला की जेवणाची चव जाते. पण व्यवसाय दोन हंगाम चालला की तोच विषय जास्त कडू होऊन परत येतो. आमच्याकडे एका चुलत्यांनी सही केली आणि पुढच्या मे महिन्यात हिशोब मागितला. कागदात तो आधीच लिहिलेला होता, म्हणून चहावर निभावलं.

परदेशात असलेल्या भावंडाचं साधं ईमेल पुरत नाही. तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र मागवा.

सावधान: तुम्ही घराचे भाडेकरू असाल किंवा "सांभाळायला" घर घेतलं असेल तर या पायरीवरच थांबा. राहत्या घरात पाहुणे ठेवण्याची राज्याची "न्याहारी व निवास" योजना (पायरी ५) मालक किंवा त्याचं कुटुंब तिथे राहतं हे धरूनच आखलेली आहे.

## ३. घर कुठल्या पट्ट्यात येतं?

दोन प्रश्नांची उत्तरं शोधा.

पहिला प्रश्न, जमीन गावठाणातली की बाहेरची, आणि बाहेरची असेल तर बिनशेती झालेली आहे का. शेतघर म्हणून परवानगी घेतलेलं बांधकाम पाहुण्यांसाठी वापरता येईलच असं नाही. आपण शेतकरी असाल आणि किमान एक एकर शेती असेल, तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली वेगळी नोंदणी आहे. आंबा-काजूच्या बागेत राहायला देणाऱ्यांना ती जास्त सोयीची. दोन्ही अर्ज एकदम टाकू नका, एक निवडा.

दुसरा प्रश्न समुद्राचा. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या केंद्राच्या नियमांत, ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात येतो. २०१९ च्या अधिसूचनेत या वर्गाचे दोन भाग केले : २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्ती दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर एक, कमी असेल तर दुसरा. आपली बहुतेक गावं दुसऱ्या भागात येतात. तिथे भरतीरेषेपासून २०० मीटर विकासनिषिद्ध क्षेत्र आहे.

घाबरून जाऊ नका. स्थानिकांनी आपल्या जुन्या घरात पाहुणे ठेवण्याला नियमांत जागा आहे. मात्र घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही, ही अट आहे. लोक नेमके तिथेच फसतात. परवानगी जुन्या घरावर मागतात आणि सोबत अंगणात दोन "कॉटेज" उभी करतात. पाडण्याची नोटीस त्या कॉटेजना येते, आणि तिच्यासोबत मूळ घराची फाइलही उघडली जाते.

तपासा: किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आपला गट नंबर प्रत्यक्ष शोधा. "शेजाऱ्याला मिळाली म्हणजे आपल्यालाही मिळेल" हे धरून चालू नका. शेजाऱ्याचं घर रेषेच्या अलीकडे असू शकतं.

## ४. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला

अर्जाला नमुना ८, सातबारा, संमतीपत्र आणि घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची चालू वर्षाची पावती जोडा. थकबाकी असेल तर विषय मासिक सभेपर्यंत जाणारच नाही. सभेची तारीख विचारा आणि निदान आठवडाभर आधी अर्ज आवक नोंदवहीत चढवून पोच घ्या. तोंडी "देतो हो, या नंतर" यावर विसंबून कित्येकांचा अख्खा हंगाम गेला आहे.

दाखल्यावर खोल्यांची संख्या आणि "न्याहारी व निवास" हे शब्द लिहून घ्या. नुसतं "व्यवसायास हरकत नाही" असा दाखला पुढे परत येतो. घरपट्टी व्यावसायिक दराने लागेल का, हे त्याच वेळी विचारून लेखी घ्या.

पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांसाठी ग्रामपंचायतीच्या जागी सोसायटी येते. सचिवाची तोंडी परवानगी म्हणजे काहीच नाही. कार्यकारिणीचा ठराव आणि लेटरहेडवर ना-हरकत हवी. सोसायटी नाही म्हणाली तर तो विषय तिथेच संपवलेला बरा. लपूनछपून चालवलेली खोली लिफ्टमधल्या बॅगांवरून आठवड्यात कळते.

## ५. पर्यटन संचालनालयाची नोंदणी

इथे सगळ्यात मोठा गोंधळ नावाचा. न्याहारी व निवास योजना लोकांच्या तोंडी "एमटीडीसीची योजना" म्हणूनच आहे, म्हणून माणसं एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या, जवळच्या रिसॉर्टवर अर्ज घेऊन जातात. नोंदणी महामंडळ करत नाही, पर्यटन संचालनालय करतं. कोकणासाठी उपसंचालकांचं कार्यालय नवी मुंबईत आहे.

क्रम असा ठेवा :

1. अर्ज घरमालकाच्या नावाने भरा. चालवणारा मुलगा असला आणि घर आईच्या नावावर असलं, तरी अर्ज आईचाच.
2. शुल्क ग्रास या सरकारी चलनव्यवस्थेतून भरा. चलनावर विभागाचं नाव आणि अर्जदाराचं नाव अर्जाशी जुळलं पाहिजे. अर्जदाराऐवजी चलन भरणाऱ्याने ते स्वतःच्या नावाने काढलं म्हणून परत आलेली फाइल मी पाहिली आहे.
3. पोलीस पडताळणीचा अर्ज त्याच आठवड्यात ऑनलाइन टाका, कारण त्याला आपला असा वेगळा वेळ लागतो.
4. खोल्यांचे, न्हाणीघराचे आणि दर्शनी भागाचे फोटो जोडा. ते दिवसाउजेडी काढा. उशा रचून काढलेले सुंदर फोटो जाहिरातीला ठेवा, इथे गिझर, खिडकी, कडी आणि संडास दिसला पाहिजे.
5. पाहणीला अधिकारी येतील त्या दिवशी घरमालक हजर राहा. अग्निशामक सिलिंडर (मुदत पाहा), प्रथमोपचार पेटी, पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाहुण्यांची वही जागेवर हवी.

केंद्र सरकारची वेगळी योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि सोनेरी-रुपेरी असे दोन दर्जे. ती ऐच्छिक आहे. माझ्या मते पहिल्या वर्षी राज्याची नोंदणी पुरेशी आहे.

घर किंवा व्यवसाय बाईच्या नावावर असेल तर राज्याचं २०२३ चं "आई" धोरण वाचा. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. त्याला संचालनालयाची नोंदणी लागते. कर्ज आधी काढून नोंदणी नंतर करणाऱ्यांची तिथे अडचण होते.

सावधान: "सगळं करून देतो" म्हणणारे दलाल याच टप्प्यावर भेटतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, दुकान अधिनियमाखालची सूचनापावती घरबसल्या मिळते. या दोन कागदांचे कोणी हजारो मागत असेल तर नमस्कार करून दार लावा.

## ६. वीज, न्याहारी आणि बाकीचं

नोंदणीकृत राहत्या घराला घरगुती दर मिळावेत हा या योजनेमागचा एक हेतू आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. प्रमाणपत्राची प्रत जोडून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या, आपल्या जोडणीला कोणता दर लागणार ते लेखी घ्या आणि कागद मीटरजवळच्या फाइलीत ठेवा. नोंदणी नसताना घरगुती मीटरवर पाहुणे ठेवले आणि भरारी पथक आलं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरता येतो. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर केव्हापासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. दोन एसी असलेल्या घराला हा आकडा हंगामाची कमाई गिळण्याइतका येतो.

पोहे, घावन, आंबोळ्या काहीही पैसे घेऊन खायला देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढा. "न्याहारी भाड्यातच धरली आहे, वेगळे पैसे घेत नाही" ही पळवाट नाही. नोंदणीक्रमांक बिलावर छापा.

दारू विकू नका आणि "मागवून" देऊ नका, त्याला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. डॉल्फिन बघायला नेणाऱ्या नावेचं भाडंही आपल्या बिलात घालू नका. नावेला सागरी मंडळाचा परवाना आणि विमा नावाड्याचा असतो. अपघात झाला तर बिलावर नाव ज्याचं, त्याला आधी बोलावतात.

## ७. पाहुण्यांची वही आणि परदेशी पासपोर्ट

वही बांधीव घ्या, सुट्या कागदांची नको. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राचा प्रकार, येण्या-जाण्याची वेळ, कुठून आले, कुठे जाणार, गाडीचा नंबर. चौघांपैकी एकाचीच नोंद करणं ही सर्रास होणारी चूक. आधारऐवजी वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र घेतलं तरी चालतं. आधार घ्यायचंच तर पहिले आठ आकडे झाकलेलं घ्या.

परदेशी पासपोर्टवाला पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर भरायची. लोक याला अजून "सी-फॉर्म" म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक कायदा लागू झाला आणि फॉर्मचं नाव बदललं, पण २४ तास तसेच आहेत. यासाठी घरमालकाचं खातं आधीच उघडून मंजूर झालेलं असावं लागतं. पाहुणा दारात उभा असताना खातं उघडायला बसलात तर मुदत चुकलीच म्हणा.

मराठी घरांची खरी अडचण इथे येते. न्यू जर्सीहून आलेलं जोडपं अस्खलित मराठी बोलतं, आपल्याच गावचं आडनाव सांगतं, आणि आपण वहीत "मुंबई" लिहून मोकळे होतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी पासपोर्ट परदेशी आहे, फॉर्म भरायचाच. म्हणून "कुठले तुम्ही?" असं विचारण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारा.

तपासा: खातं मंजूर झाल्याचा ईमेल, जवळच्या पोलीस ठाण्याचा फोन आणि वही, हे तिन्ही पहिल्या पाहुण्याआधी हाताशी आहे का?

## ८. जीएसटी : कोणाला लागतो, कोणाला नाही

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदणीची सक्ती नाही. उलाढाल मात्र घरामागे मोजत नाहीत, पॅनमागे मोजतात. त्याच पॅनवर बाजारातल्या गाळ्याचं भाडं येत असेल, दुसरा छोटा धंदा असेल, तर ते सगळं एकत्र. करमाफ असलेलं राहत्या फ्लॅटचं भाडंही या बेरजेत धरतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

"अ‍ॅपवर आलं की जीएसटी नंबर घ्यावाच लागतो" हा गैरसमज. नोंदणी नसलेल्या घरमालकाच्या खोलीवरचा जीएसटी पाहुण्याकडून घेऊन अ‍ॅपच भरतं. आपण थेट फोनवर घेतलेल्या बुकिंगवर नोंदणी नसेल तर जीएसटी लावायचाच नाही. नंबर नसताना बिलावर "जीएसटी वेगळा" लिहून पैसे घेणं हा गुन्हा आहे, हुशारी नव्हे.

नोंदणी असेल तर दर असे : रोजचं खोलीभाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्याहून जास्त भाड्याला १८ टक्के. हजाराखालच्या खोलीला माफी होती ती जुलै २०२२ मध्येच गेली. जुन्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांवरून दर लावू नका.

## ९. आता लिस्टिंग

आता कुठे अ‍ॅप उघडा. खात्यावरचं नाव, पॅन, बँक खातं आणि नोंदणी प्रमाणपत्र एकाच व्यक्तीचं हवं. आईच्या नावाची नोंदणी आणि मुलाचं बँक खातं ही जोडी पुढे आयकरात त्रास देते. पॅन दिला नाही तर अ‍ॅप ५ टक्के आयकर कापतं. दिला तर कपात ०.१ टक्का, आणि एका व्यक्तीची त्या अ‍ॅपवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तीही नाही.

गोव्यात फ्लॅट असलेल्या पुण्या-मुंबईकरांनी एक ध्यानात घ्यावं : महाराष्ट्रातली नोंदणी तिथे चालत नाही. तिथे १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे, आणि पाहुणा घेण्याआधी प्रत्येक घराची वेगळी नोंदणी गोवा पर्यटन खात्याकडे करावी लागते. बंद सदनिका, चावी शेजारच्या दुकानात, ही पद्धत तिथे पटकन डोळ्यांवर येते.

## १०. वर्षाखेरीचा आयकर

बँकेत आलेली रक्कम म्हणजे उत्पन्न, ही चूक शिकलेली माणसंही करतात. एक बुकिंग घेऊ : दोन रात्री, ४,००० प्रमाणे ८,००० रुपये. अ‍ॅपचं कमिशन १५ टक्के धरलं तर १,२००. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, २१६. कापलेला कर लागू असेल तर ८ रुपये. बँकेत येतात ६,५७६. उलाढाल मात्र ८,००० दाखवायची. कमिशन आणि त्यावरचा जीएसटी खर्चात, आणि ८ रुपये कराच्या जमेला. आयकर खात्याला अ‍ॅपकडून ८,००० चाच आकडा गेलेला असतो, तुम्ही ६,५७६ लिहिलेत की फरक आपोआप दिसतो.

पुढचा प्रश्न, उत्पन्न कोणत्या सदरात? घर महिनेवारीने नुसतं भाड्याने दिलं तर घरमालमत्तेचं उत्पन्न, त्यात ३० टक्के प्रमाणित वजावट. रोजच्या हिशोबाने खोली, चादरी, साफसफाई आणि न्याहारी दिली तर तो व्यवसाय. २०२४ च्या दुरुस्तीने राहत्या घराचं निव्वळ भाडं व्यवसायात दाखवायची वाट बंद केली, म्हणून आपण सेवा देतो याचा पुरावा ठेवा : धोब्याची बिलं, किराणा, मदतनीस बाईंचा पगार. पहिल्या वर्षी सीएला पाचशे-हजार द्या, सदर ठरवून घ्या आणि पुढे ते दरवर्षी बदलू नका.

व्यवसाय असेल तर अनुमानित पद्धत घरगुती माणसाला सोपी पडते. रोख जमेच्या ८ टक्के आणि बँक-यूपीआयने आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा धरायचा. मग कमिशन वगैरे खर्च वेगळा वजा होत नाही. कर लागत असेल तर आगाऊ कराचा एकच हप्ता, १५ मार्चच्या आत.

बागेत राहायला दिलं म्हणून ते शेतीचं करमाफ उत्पन्न होत नाही. आंबा विकला तो शेतीचा, आंब्याखालच्या खोलीचं भाडं नाही. दोन्हींच्या पावत्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाडा, एकाच पावतीपुस्तकात दोन्ही घातलं की मार्चमध्ये पेटी आणि खोली वेगळी करत बसावं लागतं.